चूक कळवण्याचा पत्ता

सरांना फोन ऐकू यायचा नाही. समोर बसून बोललं तर माणसाच्या ओठांकडे बघत ते निम्मं समजून घ्यायचे आणि उरलेलं निम्मं पुन्हा विचारायचे. फोनवर ते जमायचं नाही. सगळी उमर लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, आवाजात उभे राहिलेले कान होते ते. आयटीआयमध्ये पोरांना टर्नरचं काम शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त झाल्यावर, माणसं नातवंडं खेळवतात त्या वयात, त्यांनी लातूरच्या एमआयडीसीत स्वतःचा कारखाना काढला. डाळमिलला लागणारे रोलर, शाफ्ट, पुल्या. तीन लेथ, पाच माणसं आणि एक बोका.

कारखान्याच्या पुढच्या अंगाला रस्त्याकडे तोंड करून एक गाळा रिकामा पडला होता. तो मी भाड्यानं घेतला, तेव्हाची आमची ओळख. मी सव्वीस वर्षांची होते. शिकवणी वर्गांच्या वेबसाइटी, निकालाचे बॅनर, ईमेल काढून देणं, असली कामं करायचे. अब्बांचं गंजगोलाईत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझा कॉम्प्युटर मावेना आणि त्यांचे स्क्रू माझ्या कीबोर्डात जायला लागले, म्हणून मी जागा शोधत होते.

बोलणी करायला गेले तर सरांनी धंदा कसला, भाडं किती देणार, काहीच विचारलं नाही. एक कोरा लिफाफा माझ्यापुढे ठेवला.

"ह्याच्यावर तुमच्या घरचा पत्ता लिहा."

मी लिहिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, लिफाफा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. घर, गल्ली, मशिदीची खूण, तालुका, जिल्हा, शेवटी पिनकोड.

"पिन लिहिला तुम्ही," ते म्हणाले. "तुमच्याआधी सात जण येऊन गेले. एकानंबी लिहिला न्हाई. जागा तुमची."

सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. दोन नंबरच्या लेथवर काम करणाऱ्या विठ्ठलरावांना, टेम्पोवाल्याला, मला, आणि बोक्यालाही. बोका एक नंबरच्या लेथखालच्या, लोखंडाचा कीस पडायच्या ट्रेमध्ये झोपायचा. सकाळी मशीन चालू करण्याआधी सर त्याच्यापुढे उभं राहून म्हणायचे, "उठा आता, आमची वेळ झाली." तो उठून, आळस देऊन, खाली उतरेपर्यंत बटण दाबलं जायचं नाही. माणसं थांबलेली असायची. कुणी हसायचं नाही, इतकी सवय झाली होती.

त्यांचा स्वतःचा आवाज मोठा होता, कारण तोही त्यांना कमीच ऐकू यायचा. त्यामुळे त्यांच्याशी खासगी असं काही बोलताच यायचं नाही. मी स्पर्धा परीक्षेत तीनदा नापास झाले होते हे एमआयडीसीतल्या निम्म्या प्लॉटांना कळलं, ते मी फक्त सरांना सांगितलं म्हणून. ते तिथल्या तिथं म्हणाले होते, "तीनदा? मग तुम्हाला तो पेपर आता पाठ झाला असंल." रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेली माणसं वळून बघत होती.

कानांमुळे असेल, पण त्यांचा सगळा भरवसा लिहिण्यावर होता. "बोलल्यालं वाऱ्यावर जातं, लिव्हल्यालं तारेवर ऱ्हातं," असं ते म्हणत. त्यांच्या टेबलामागे खिळ्याला एक वाकडी तार टांगलेली होती आणि आलेला प्रत्येक कागद तिच्यात ओवलेला असायचा. ईमेलसुद्धा. मी यायच्या आधीपासून त्यांच्याकडे एक फुकटातला ईमेल होता. त्यांच्या भाच्यानं कधीतरी सायबर कॅफेत बसून काढून दिलेला. त्यात भाच्याचं टोपणनाव 'रॉकी' होतं आणि पुढे तीन आकडे. सरांच्या कार्डावर तोच छापला होता. एकदा विदर्भातला एक मिलवाला कार्ड हातात घेऊन म्हणाला, "ह्यात रॉकी कोण?" सर त्याला स्टेशनवर सोडून सरळ माझ्या गाळ्यात आले.

"बाई, मला माझ्या नावाचा पत्ता पाहिजे. दुसऱ्याच्या घरातला नको."

मी त्यांना वहीवर लिहून समजावलं. डोमेन म्हणून एक असतं, ते आपल्या नावानं घ्यायचं. मग पत्त्याच्या शेवटी कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव येत नाही, आपलं येतं.

"म्हणजे प्लॉट," सर म्हणाले.

"हो, प्लॉटच. फक्त दरवर्षी पुन्हा नावावर करून घ्यावा लागतो."

डोमेनचं नाव ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यांची अट एकच होती. लेथ चालू असताना नाव ओरडून सांगितलं, तरी ऐकणाऱ्यानं ते इंग्रजीत बिनचूक लिहिलं पाहिजे. मग रोज दुपारी परीक्षा. विठ्ठलराव मशीनपाशी खडू घेऊन उभे, सर दारातून ओरडणार, विठ्ठलराव पत्र्यावर लिहिणार. 'डाळ' तीन जणांनी तीन तऱ्हेनं लिहिलं. 'तूर' एकानं यू घालून, एकानं दोन ओ घालून. ज्यात व होता ती सगळी नावं व्ही आणि डब्ल्यूच्या भांडणात गेली. मी त्यांचं आडनाव सुचवलं. ते म्हणाले, "आयटीआयच्या पगारपत्रकात ते चार परकारानं छापून आलंय. ते नकोच." शेवटी त्यांनीच तोडगा काढला. लातूरचं स्पेलिंग रेल्वेनं बोर्डावर लिहून ठेवलंय, त्यात वाद नाही. त्याच्या पुढे 'पार्ट'. विठ्ठलराव, टेम्पोवाला आणि हॉटेलवाला, तिघांनी ते एकसारखं लिहिलं, तेव्हा कुठे मी ते विकत घेतलं.

"आता पहिला पत्ता कशाच्या नावानं काढू?" मी विचारलं. "लोक इन्फो घेतात. नाहीतर सेल्स."

"चूक."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी तोच प्रश्न वहीवर लिहिला. त्यांनी वाचला.

"बरोबर ऐकलं की मी. चूक. माल घ्यायचा त्यो मानूस दार हुडकीत येतो. त्याला पत्ता नसला तरी चालतं. पर ज्याला चूक सांगायची, त्याला दार घावत न्हाई. मग त्यो सांगतच न्हाई. पुढच्या टायमाला दुसरीकडं जातो. आन् आपुन तीच चूक करीत ऱ्हातो."

मी म्हटलं, "पण सर, तुमच्याच नियमानं बघितलं तर चूक इंग्रजीत दोन तऱ्हेनं लिहिता येतं."

ते म्हणाले, "दोन्ही काढा. चूक कशीबी लिव्हली तरी पोचली पाहिजे."

तशी ती दोन्ही काढली. नंतर त्यांनी तिन्ही लेथला स्वतंत्र पत्ते मागितले. लेथ एक, लेथ दोन, लेथ तीन. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लेथचा नंबर आणि महिना यांचा शिक्का ठोकलेला असायचा. ज्याच्या हातून माल गेला त्याच्यापर्यंत पत्र सरळ जावं, मधे मालकानं त्यातलं गोड तेवढं वाचून दाखवू नये, असं त्यांचं म्हणणं. मी ते छापून त्या त्या मशीनपाशी नेऊन वाचून दाखवायचे. निलंग्याच्या एका मिलवाल्यानं एकदा लिहिलं होतं, 'लेथ दोन यांस नमस्कार. आपला रोलर उत्तम चालतो.' विठ्ठलरावांनी हात पुसून तो कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा नियम. एकदा परदेशातून लॉटरी लागल्याचं पत्र आलं. मी ते खोडणार तेवढ्यात सर मागे उभे. त्यांनी मला इंग्रजीत मजकूर सांगितला. 'महोदय, मी आपले तिकीट घेतलेले नाही. ज्या गृहस्थांनी घेतले ते वाट पाहत असतील. कृपया नाव तपासून त्यांना कळवावे.' मी सांगितलं की असल्या पत्राला उत्तर द्यायचं नसतं, ते चोर असतात. ते म्हणाले, "चोर हाय का न्हाई ते त्यांचं ते बघतील. पत्र आलंय न्हवं?" मी मजकूर टाइप केला आणि न पाठवताच म्हणाले, "पाठवलं, सर." पुढे अशी चार-पाच पत्रं आली आणि चार-पाच वेळा मी तसंच केलं. मला त्याचं फार काही वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढली, एवढंच.

तुरीचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा 'चूक'वर निलंग्याच्या त्याच मिलवाल्याचं पत्र आलं. सोबत फोटो. 'पुलीवर केसाएवढी रेघ दिसते आहे. मशीन चालवावे काय?'

सरांनी तो फोटो मला मोठा करायला लावला, अजून मोठा करायला लावला, आणि उठून गेले. पुली म्हणजे पट्ट्यानं फिरणारं लोखंडी चाक. ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती. ओतून यायची बाहेरच्या फाउंड्रीतून आणि आमच्या दोन नंबरच्या लेथवर घासून मापात बसायची. त्या खेपेतल्या दोन पुल्या कारखान्यात उरल्या होत्या. सरांनी त्यातली एक आरीखाली धरली. तासाभरानं चाकाचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. कापलेल्या तोंडावर, बरोबर मध्ये, हरभऱ्याएवढी पोकळी होती. वरून काहीच दिसत नव्हतं.

"सोळा गेल्यात," ते म्हणाले. "चौदा मिलांत."

"फुटली तर काय होतं, सर?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे प्रश्न त्यांना कळला होता. "एकदा बघितलंय," एवढंच म्हणाले. कुठं, कुणाचं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. 'आमच्या लेथ क्रमांक दोनवर तयार झालेल्या पुलीत दोष आढळला आहे. दोष आमचा आहे. हे पत्र मिळताच मशीन बंद करावे. नवी पुली आम्ही स्वतः आणून बसवू. पत्र मिळाल्याचे दोन शब्द कळवावेत.'

विठ्ठलराव दारात उभे होते. म्हणाले, "सर, पोकळी तर फाउंड्रीवाल्याची हाय. आपला दोष कसा?"

"शिक्का कुणाचा हाय?" सरांनी विचारलं. विठ्ठलराव परत मशीनकडे गेले.

चौदाही जणांना मी एकाच वेळी पत्र पाठवलं. दुपारचे चार वाजले असतील.

"गेलं, सर."

"पोचलं का?"

"सेंटमध्ये दिसतंय."

"ते आपल्या दारातून निघालं. त्यांच्या दारात पोचलं का?"

मी म्हटलं, उत्तर येईल तेव्हा कळेल. संध्याकाळपर्यंत दोघांचं आलं. एक निलंग्याचं, दुसरं लातुरातलंच. सर म्हणाले, "बारा ऱ्हायले." मी म्हटलं, लोक दिवसाकाठी एकदा मेल बघतात, सकाळी बघतील. मिली तेव्हा बंद व्हायला आल्या होत्या, आणि सकाळी आठच्या आधी कुणी मशीन चालू करत नाही. म्हणून त्यांनी तेवढ्यावर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सातला मी गाळा उघडला तर सर पायरीवर बसलेले. मेल उघडला. दोनच. मग काय सुचलं कोण जाणे, मी तेच पत्र माझ्या स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर पाठवून पाहिलं. इनबॉक्समध्ये आलं नाही. स्पॅमच्या पेटीत पडलं होतं, एक कर्जाची जाहिरात आणि एक वजन कमी करायचं औषध यांच्या मध्ये.

असं का झालं, ते मला माहीत होतं. डोमेन घेतल्यावर त्याच्या खात्यात काही ओळी भराव्या लागतात. एक ओळ सांगते, या नावानं येणारी पत्रं कुठल्या पेटीत टाकायची. ती नसेल तर पत्र येतच नाही, म्हणून ती मी पहिल्या दिवशी भरली. आणखी दोन ओळी असतात. त्या जगाला सांगतात की या नावानं पत्र पाठवणारा खरंच त्या घरचा माणूस आहे. त्या नसल्या तरी पत्र जातं, निदान गेल्यासारखं दिसतं. तेव्हा निकालाचे दिवस होते. तीन क्लासवाल्यांचे बॅनर डोक्यावर होते. नंतर भरू म्हणून त्या राहिल्या, त्या राहिल्याच. इतके महिने कळलं नाही, कारण सगळे आधी आम्हाला लिहायचे आणि आम्ही त्यांना उत्तर द्यायचो. ओळखीच्या माणसाचं उत्तर कुणी अडवत नाही. ज्यांनी आम्हाला कधीच लिहिलं नव्हतं अशा बारा जणांना त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पत्र टाकलं होतं.

"सर, पत्रं पोचलेली नाहीत," मी म्हणाले. का, ते तेव्हा सांगितलं नाही.

मी आणि विठ्ठलराव फोनवर बसलो. कुणाचा नंबर जुन्या बिलावर, कुणाचा भिंतीवर खरडलेला. सव्वाआठपर्यंत अकरा मिली बंद झाल्या. एक उरली. ती मुखेडची, गावाबाहेरची. पुली घेऊन गेला होता त्यांचा फिटर, नंबरही त्याचाच होता आणि तो फोन बंद. बिलावर लिहिलेला ईमेल तेवढा मालकाचा. मुखेडला माझ्या ओळखीचा एक झेरॉक्सवाला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, दुकानात एकटाच आहे, दुपारी जाऊन सांगतो.

"दुपारी," सर म्हणाले. दुसऱ्या खेपेतली एक पुली, जिची जोडीदारीण त्यांनी आदल्या दिवशीच कापून तपासली होती, ती पोत्यात घातली. "बाई, चला. मला त्यांचं बोलणं कळायचं न्हाई."

टेम्पोच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं. अहमदपूर मागे पडलं तरी मी गप्प होते. टेम्पोच्या आवाजात सरांशी बोलणं शक्यच नव्हतं, आणि ते मला बरंच वाटत होतं. पण मग राहवेना. मी वही काढून हिसक्यांत वाकडंतिकडं लिहिलं, 'पत्रं पोचली नाहीत त्यात चूक माझी आहे. दोन ओळी भरायच्या राहिल्या होत्या.'

त्यांनी वाचलं, वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "आता न्हाई," म्हणाले. "आधी मुखेड."

मिलच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा आत मशीन चालू होतं. मालक विशी-पंचविशीचा होता, नुकताच वडिलांच्या जागी बसलेला. तो "या, कुठून आलात?" म्हणत पुढे आला. सर त्याच्या बाजूनं तसेच आत गेले, भिंतीवरचा स्टार्टर शोधला आणि दाबून बंद केला. पट्टा फडफडत थांबला.

"ओ काका, काय करून राहिले?" मालकाचा आवाज चढला. "माझी तूर आत हाय."

मी मध्ये पडून सांगायला लागले. त्याला काही पटेना. "तीन महिने झाले फिरतीय. काय झालं तिला?"

सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पिशवीतून रॉकेलची बाटली काढली, फडक्यानं रॉकेल पुलीवर चोळलं, पुली कोरडी पुसून काढली आणि खडू घासून सगळी पुली पांढरी केली. मग पोत्यावर बसून राहिले. पाचेक मिनिटांनी त्या पांढऱ्यावर एक ओली, काळसर रेघ उमटायला लागली. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येत होतं. काठापासून निघालेली रेघ थेट मध्यापर्यंत, बोटभर कमी, एवढी गेली.

पुलीपासून दोन हातांवर एक बाई डाळ निवडत बसली होती. सगळा वेळ तिनं सुपातून मान वर केली नव्हती. सरांनी तिला विचारलं, "तुम्ही रोज इथंच बसता?"

"हाव. खिडकीचा उजेड पडतो इथं."

सर उठले, तिचं पोतं आणि सूप उचलून भिंतीच्या त्या टोकाला नेऊन ठेवलं. "इथंबी खिडकी हाय," म्हणाले.

मालक खाली बसला. रेघेवरून बोट फिरवून त्यानं ते शर्टाला पुसलं. मग फोन काढून मेल चाळायला लागला आणि मला दाखवलं. "आलं होतं की ताई. कचऱ्यात पडलंय."

नवी पुली बसवायला दोन तास लागले. सरांनी स्वतः बसवली. निघताना मालकानं चहा पाजला, आणि पट्ट्यावरची काढून ठेवलेली जाळी परत लावून घेतली, सर बघत असताना.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "ते वहीत लिव्हलं होतं न्हवं, ते 'चूक'वर पाठवा. जसं बाकीचे पाठवतात तसं."

मी गाळ्यात पोचल्यावर पहिल्यांदा त्या दोन ओळी भरल्या. वेगवेगळ्या पाच खात्यांवर पत्रं टाकून ती कुठे पडतात ते पाहिलं. मग 'चूक'ला पत्र लिहायला बसले. एक चूक लिहिली, तर दुसरी आपोआप बोटांत आली. लॉटरीवाल्यांना उत्तरं पाठवलीच नव्हती, तुम्हाला खोटं सांगितलं, हेही लिहिलं. लिहून झाल्यावर खूप वेळ पाठवायचं बटण दाबवेना. जागा सोडावी लागली तर अब्बांच्या टेबलावर पुन्हा कोपरा मागायचा, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मीच ते छापलं आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. तारेत ओवलं. मग उत्तर सांगायला लागले, आणि मला पाठवायचं उत्तर मीच लिहून घेतलं.

'आपले पत्र मिळाले. पहिली चूक लेथ दोनची आहे. माल कापून न पाहता पाठवला. यापुढे प्रत्येक खेपेतली एक पुली कापली जाईल. दुसरी चूक आपली. ती दुरुस्त झाल्याचे आपण कळवले आहे. तिसऱ्या चुकीबाबत, लॉटरीच्या गृहस्थांना आमचे पत्र अद्याप मिळालेले नाही असे दिसते. ते आज पाठवावे.'

मी मान वर करून पाहिलं. ते हसत नव्हते. मी ती पाचही पत्रं शोधून काढली आणि पाठवली. एक पत्ता बंद पडला होता, तिथून परत आलं. बाकीची गेली. त्यातलं एकही स्पॅममध्ये पडलं नसावं, असं मला उगीचच वाटतं.

सोळाही पुल्या महिनाभरात बदलून झाल्या. परत आलेल्या पुल्या सरांनी अंगणात ओळीनं मांडल्या, फाउंड्रीवाल्याला बोलावलं आणि त्याच्यादेखत एकेक घणानं फोडली. नऊ आतून पोकळ निघाल्या. सात चांगल्या होत्या. त्याही फोडल्या. फाउंड्रीवाला म्हणाला, "चांगल्या कशाला फोडल्या, सर?" सर म्हणाले, "फोडल्याशिवाय चांगल्या हायेत हे कुणाला कळलं असतं?"

पुढे दोन वर्षांनी त्यांची छाती भरायला लागली. लोखंडाची धूळ, दुसरं काय. कारखाना विठ्ठलरावांच्या हवाली करून सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मुखेडकडच्या त्यांच्या गावी राहायला गेले. विठ्ठलराव आता सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. सुरुवातीला ते त्यांच्या तोंडी शोभायचं नाही, आता शोभतं.

सर वारले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला त्या गावी गेले होते. तोपर्यंत ऐकू येणं पार संपलं होतं. मी वहीत लिहायचे, ते मोठ्यानं बोलायचे, आणि दोन पावलं चाललं की थांबून श्वास घ्यायचे. काकूंनी भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण केलं होतं. जेवण झाल्यावर मी लिहिलं, 'फाट्यावरच्या पाटीवर लातूरची बस साडेपाचची लिहिली आहे. मी इथून पाचला निघेन.'

"ती पाटी रंगवणारा मानूस वारला," सर म्हणाले. "बस साडेचारला हाय."

काकू चुलीजवळून म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून सकाळीच फाट्यावर जाऊन बसले. मी नको म्हणत होते. दोन तास उन्हात. कंडक्टर आला तर त्याचं बोलणं ह्यांना ऐकू येईना, मग त्याला लिहून मागितलं."

सरांनी शर्टाच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं, गडबडीत, '४.३०' एवढं लिहिलं होतं.

मी सव्वाचारला फाट्यावर जाऊन उभी राहिले. साडेचारला बस आली.